सकाळची कॉफी, दुपारी चार वाजता

पत्राचा सारांश: बोरिवलीहून ६४ वर्षांच्या एका निवृत्त शिक्षिकेचं पत्र आलं आहे. यजमान गेल्यापासून त्या मुलगा, सून आणि कॉलेजात जाणारा नातू यांच्याबरोबर राहतात. पहाटे साडेपाचला उठून त्या सगळ्यांसाठी मोठ्या पातेल्यात कॉफी करतात. दूध, थोडं पाणी, साखर, इन्स्टंट पावडर आणि वरून किसलेलं जायफळ. मुलगा लोकल गाठायच्या घाईत अर्धा कप तसाच ठेवून पळतो, नातू कधी उठतो कधी नाही, सून स्वतःची कोरी फिल्टर कॉफी पिते. उरलेली कॉफी, मुलाच्या कपातल्यासकट, त्या पातेल्यात परत ओतून ओट्यावर झाकून ठेवतात. अकराला घरकामाच्या मावशी आल्या की ती उकळून दोघी पितात. राहिलेली चार वाजता पुन्हा उकळून त्या एकट्या पितात. गेल्या महिन्यात सुट्टी घेऊन घरी असलेल्या मुलाने "हे विष आहे, आई" म्हणत ते पातेलं त्यांच्यादेखत सिंकमध्ये रिकामं केलं. तेव्हापासून त्यांनी सगळ्यांसाठी कॉफी करणंच सोडलं आहे आणि घरात कुणी त्याबद्दल अवाक्षर काढलेलं नाही. त्या विचारतात, "उकळल्यावर त्यात राहतं काय? आजवर कुणाला काही झालेलं नाही. सुनेची काळी कॉफी फ्रिजमध्ये पाच-पाच दिवस बाटलीत असते, ती चालते. माझी सकाळची कॉफी दुपारी चालत नाही, हा कुठला न्याय? आणि दूध ओतून द्यायची सवय या वयात कशी लावून घ्यायची?" हल्ली संध्याकाळी जळजळतं, झोप उशिरा लागते, ते वयामुळे असेल, असंही त्यांनी जाता जाता लिहिलं आहे. शेवटी थर्मासला येणाऱ्या वासाबद्दल एक ओळ आहे.

ताई, नमस्कार.

तुम्ही न्याय मागितलाय, तर आधी निकालच सांगते. मुलाचं "विष" चुकलं. तुमचं "उकळल्यावर राहतं काय" हेही चुकलं. सुनेची बाटली निम्मी बरोबर आहे. आता सविस्तर.

सगळा फरक दुधाचा आहे. कोरी कॉफी म्हणजे पाणी आणि कॉफीचा अर्क. त्यात दूध नाही, साखर नाही, शिवाय ती थोडी आम्लधर्मी असते, त्यामुळे जंतूंना वाढायला त्यात फारसं काही मिळत नाही. अशी कॉफी दोन-चार तास बाहेर राहिली तर बेचव होते, एवढंच. त्यात दूध पडलं की ते पातेलं कॉफीचं राहत नाही, दुधाचं होतं. कोमट, गोड दूध, झाकण घातलेलं, गॅसच्या शेगडीशेजारी, मुंबईच्या दमट हवेत. नुसतं तापवलेलं दूध तुम्ही सकाळी साडेपाचपासून दुपारी चारपर्यंत ओट्यावर ठेवाल का? मुळीच ठेवणार नाही. निवलं की फ्रिजमध्ये टाकाल. कॉफीचा रंग चढला की तेच दूध आपल्याला दूध वाटेनासं होतं.

अन्न सांभाळण्याचा जगभर वापरला जाणारा ठोकताळा असा की साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअस या पट्ट्यात जंतू झपाट्याने वाढतात. दुधाचे पदार्थ या पट्ट्यात दोन तासांहून जास्त राहू नयेत, आणि हवाच ३२ अंशांच्या वर असेल तर एका तासाहून जास्त नाही. मे महिन्यात किंवा ऑक्टोबरच्या उकाड्यात, पोळ्या चालू असलेल्या स्वयंपाकघरात ३२ अंश म्हणजे काहीच नाही. तुमच्या पातेल्याचे अकरापर्यंत साडेपाच तास होतात आणि चारपर्यंत साडेदहा.

आता उकळण्याचं. पिशवीतलं दूध डेअरीत पाश्चराइज होऊन येतं. साधारणपणे ७२ अंशांवर १५ सेकंद. आपण घरी ते पुन्हा उकळतो. त्यामुळे रोग करणारे बहुतेक जंतू मरतात हे खरं. पण बॅसिलस सिरियस नावाचा एक जंतू असतो, तो दुधात सापडतो आणि भातातही. त्याचे बीजाणू उकळीतूनही तगतात आणि पदार्थ कोमट झाला की उगवतात. त्यातले काही प्रकार असं विष तयार करतात की ते पुन्हा उकळूनही जात नाही. आपल्या हातावर, नाकात असणारा स्टॅफिलोकोकस उकळीने मरतो, पण मरण्याआधी त्याने पदार्थात सोडलेलं विषही उकळीला दाद देत नाही. म्हणजे दुसरी उकळी जंतूंचा बंदोबस्त करते, त्यांनी आधीच करून ठेवलेल्या उपद्व्यापाचा नाही. या विषांना वासही नसतो. कॉफी नासली, फाटली तर आपल्याला कळतं, पण फाटली नाही म्हणजे ती चांगलीच आहे असं नाही.

याच कारणाने एक गोष्ट आजपासून पूर्ण बंद करा. मुलाच्या कपातली उरलेली कॉफी पातेल्यात परत ओतायची नाही. तुम्ही ज्या पिढीतल्या आहात तिच्या घरात उष्टा हात वरणाच्या पातेल्याला लागला तरी आई डोळे वटारायची. कॉफीला ही सूट कुठून मिळाली?

"आजवर कुणाला काही झालेलं नाही" यावर मी थोडी रेंगाळणार आहे. बहुतेक दिवशी खरंच काही होत नाही. पण ज्या दिवशी पोट बिघडतं त्या दिवशी आपण कुणाला दोष देतो? स्टेशनबाहेरच्या पाणीपुरीला, ऑफिसच्या कँटीनला, पावसाळ्याच्या पाण्याला. घरच्या झाकलेल्या पातेल्याकडे कुणी बोट दाखवत नाही. त्यातून साठीनंतर दोन उलट्या आणि चार जुलाब अंगातलं पाणी किती पटकन उतरवतात हे वेगळं सांगायला नको. घाबरवण्यासाठी लिहीत नाही, पण "काही झालं नाही" हा पुरावा वाटतो तितका भक्कम नसतो.

शिवाय त्या "कुणाला"मध्ये मावशीसुद्धा आहेत. तुम्ही त्यांना वेगळं काही देत नाही, जी स्वतः पिता तीच देता, दोघी बसून पिता, हे मला आवडलं. कित्येक घरांत कामवालीचा कप वेगळा असतो, तिथे हे मोठं आहे. तरीही एक विचारते. अकरा वाजता शेजारच्या वहिनी आल्या तर त्यांना पातेल्यातली उकळून द्याल, की ताजी टाकाल? मला वाटतं ताजी टाकाल. मावशी "नको" म्हणणार नाहीत, म्हणूच शकणार नाहीत, आणि त्यांचं पोट बिघडलं तर तुमच्यासकट चार घरांचे खाडे होतील, पगारही कापला जाईल. तुमच्याकडे पिऊन काही झालं का हे त्या तुम्हाला सांगतील याचीही खात्री नाही. तेव्हा अकराची कॉफी ताजीच करायची, हा माझा पहिला आग्रह. दोन कप, मोजून. दूध फ्रिजमध्ये असतंच, पावडर बाटलीत असते, पाच मिनिटांचं काम आहे.

आता मुलाच्या "विषा"कडे वळू. परत गरम केल्याने कॉफीत विष तयार होत नाही. तसं होतं ही समजूत मोबाइलवर खूप फिरते आणि तरुण मंडळी ती पुढे ढकलत राहतात. धोका गरम करण्यात नाही, त्याआधी ती तासन्‌तास कोमट पडून राहण्यात आहे. गरम केल्याने बिघडते ती चव. कॉफीचा सुगंध म्हणजे उडून जाणारी द्रव्यं असतात, त्यांचा मोठा भाग पहिल्या उकळीतच हवेत जातो. कॉफीत क्लोरोजेनिक आम्ल असतं. कॉफी गरम राहिली, पुन्हा पुन्हा तापली की त्याचं विघटन होऊन क्विनिक आम्ल वाढतं, आणि जिभेच्या मागे रेंगाळणारा कडवट-आंबट तुरटपणा येतो. दुधाची साय धरते, ढवळली की तिचे तुकडे तरंगतात, पातेल्याच्या बुडाला लागलेला थर करपतो. जायफळाचा वास तर सकाळीच गेलेला असतो. तेव्हा चार वाजता तुमच्या हातात येतो तो गरम, गोड, जरासा करपट काढा, आणि तुम्ही तो कॉफी म्हणून पिता. इतकं चांगलं जायफळ किसणाऱ्या बाईने असं का प्यावं?

उकळून जात नाही असं आणखी एक म्हणजे कॅफिन. बऱ्याच जणांना वाटतं की दोनदा उकळलेली कॉफी "उतरलेली" असते, तिचा जोर कमी होतो. तसं काही होत नाही. शंभर अंशांवर कॅफिनला धक्काही लागत नाही, उलट पाणी आटल्याने घोटागणिक ते किंचित वाढतंच. इन्स्टंट कॉफीच्या एका कपात साधारण ६० ते ८० मिलिग्रॅम कॅफिन असतं. निरोगी प्रौढ माणसाला दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत चालतं असं मानतात, गरोदर बाईला २००. म्हणजे तुमच्या दिवसाच्या तीन कपांत घाबरण्यासारखं काही नाही. पण शरीरातलं निम्मं कॅफिन कमी व्हायला साधारण पाच तास लागतात, आणि काहींना त्याहून जास्त. चारच्या कपातलं अर्धं रात्री नऊला तुमच्या अंगात जागं असतं. झोप उशिरा लागण्याचं खापर सगळंच वयावर फोडू नका. पंधरा दिवस शेवटचा कप दुपारी दोनच्या आत घेऊन पाहा. जळजळीचंही तसंच. ती कॉफी शिळी असल्यामुळे होते की कॉफी असल्यामुळेच, हे मी इथून सांगू शकत नाही. रिकाम्या पोटी पहाटेची आणि चारची, दोन्ही बंद ठेवून फरक पडतो का बघा, आणि नाही पडला तर डॉक्टरांना दाखवा. चौसष्टाव्या वर्षी रोजची जळजळ घरगुती उपायांवर काढायची नसते. जाता जाता बाकीच्या वाचकांसाठीही सांगते, थायरॉइडची गोळी सकाळी घेत असाल तर तिच्यानंतर निदान अर्धा-पाऊण तास कॉफी नको, आणि लोहाची गोळी कॉफीबरोबर कधीच नको.

आता दूध ओतून देण्याचं. इथे तुमच्या मुलाला काही गोष्टी ठाऊक नसाव्यात. मुंबईत एक काळ होता जेव्हा आरेच्या केंद्रावर भल्या पहाटे दुधाचं कार्ड आणि काचेच्या रिकाम्या बाटल्या घेऊन रांग लावावी लागे. ठरलेल्या बाटल्या मिळत, त्यात घर भागवायचं. पाहुणे आले की कोरा चहा. ती रांग लावलेल्या माणसाला अर्धा कप दूध सिंकमध्ये जाताना बघणं म्हणजे काय, हे आज बटण दाबून दहा मिनिटांत दूध मागवणाऱ्याला कळणं अवघड आहे. म्हणून "या वयात सवय कशी लावू" हा प्रश्न मला हट्टाचा वाटला नाही.

पण तुमच्या प्रश्नातच एक गृहीत लपलंय, की वाया जाणं सिंकमध्ये घडतं. माझ्या मते ते पहाटे साडेपाचला घडतं. चौघांची कॉफी मांडली जाते आणि पिणारे दीड. सून तुमच्यातली पितच नाही हे तुम्हीच लिहिलंय, नातवाचा भरवसा नाही, मुलगा अर्धा कप घेतो. मग तिचा आणि नातवाचा कप कशासाठी ओतता? मला एक शंका आहे, चुकत असेन तर सोडून द्या. चौघांची कॉफी मांडणं ही घर एकत्र असल्याची खूण असावी. पातेलं लहान केलं तर घर लहान झाल्यासारखं वाटेल. तसं असेल तर तो भाग वेगळा बोलू, पण ते ओझं कॉफीवर नको.

माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या आसपास उडप्याकडे कधी काउंटरजवळ उभं राहून पाहा. तिथे कुणीही मोठं पातेलंभर कॉफी करून ठेवत नाही. डिकॉक्शन, म्हणजे फिल्टरमधून उतरवलेला कॉफीचा दाट अर्क, वेगळं, दूध वेगळं. गिऱ्हाइकाने सांगितलं की तळाशी बोटभर डिकॉक्शन, वर उकळतं दूध, दोन वेळा उंचावरून ओतलं की फेस आला. दिवसभर तेच डिकॉक्शन चालतं, पण कॉफी प्रत्येक वेळी नवी असते. उरवण्याजोगी गोष्ट उरवायची आणि नासणारी शेवटच्या क्षणी मिसळायची, यात सगळं आलं.

तुम्ही इन्स्टंट वापरता, तेव्हा तुमच्यासाठी हे आणखी सोपं आहे. इन्स्टंट पावडर म्हणजे आधीच करून वाळवलेली कॉफी, तिला शिजवावं लागतच नाही. सकाळी दूध-पाण्याचं मिश्रण साखरेशिवाय तापवा. जो उठेल, ज्याला हवी असेल त्याच्या कपात पाऊण चमचा पावडर, साखर, थेंबभर पाण्यात घोटून घ्या, वर दूध ओता, जायफळ किसा. उरलं तर ते नुसतं दूध उरेल. ते निववून फ्रिजमध्ये गेलं की दुपारच्या कॉफीला, नातवाच्या शेकला, रात्रीच्या विरजणालाही चालेल. विरजणाला पाणी घातलेलं दूध पातळ लागतं म्हणून मी तर पाणी कपातच घालते, पण ते तुमचं तुम्ही ठरवा. कॉफी पडलेल्या, गोड केलेल्या दुधाचं मात्र पिण्याखेरीज काहीच होत नाही, आणि रोजची अडचण तिथेच येते.

पावडरच्या बाटलीचं एक सांगते, कारण जून लागला की बाटलीत दगड झाल्याच्या तक्रारी हमखास येतात. वाफाळत्या पातेल्यावर बाटली धरून चमचा काढायचा नाही. ओट्याच्या दुसऱ्या टोकाला, कोरड्या चमच्याने, आणि लगेच झाकण. बाटली फ्रिजमध्येही नको. बाहेर काढली की तिला घाम फुटतो आणि तोच आत जातो. पावसाळ्याचे चार महिने लहान बाटली किंवा पुड्या आणा.

एवढं करूनही एखाद्या दिवशी दुधाची कॉफी उरणारच. कुणाचा उपास निघतो, कुणाची लोकल चुकायला येते. तेव्हा तासाभराच्या आत निर्णय घ्यायचा. प्यायची असेल तर पातेलं थंड पाण्याच्या परातीत पाच-दहा मिनिटं ठेवा, कोमट झाली की काचेच्या किंवा स्टीलच्या झाकणाच्या भांड्यात ओतून फ्रिजच्या आतल्या बाजूला ठेवा, दारात नको. दारातला कप्पा उघडझाक होऊन सतत गरम होत राहतो. ती त्याच दिवशी, एकदाच आणि हवी तेवढीच गरम करायची. आख्खं भांडं तापवून अर्धं परत ठेवलं की तुमची जुनी पद्धत मागच्या दाराने परत आली. दुधाची कॉफी गरम करताना चवीचा विचार बाजूला ठेवून चांगली वाफाळू द्या, कडेने बुडबुडे येईपर्यंत, ढवळत. कोरी कॉफी मात्र उकळू नये, वाफ दिसली की उतरवायची. तामिळ घरांत डिकॉक्शन थेट आचेवर न ठेवता गरम पाण्याच्या भांड्यात वाटी ठेवून कोमट करतात, ते फार शहाणपणाचं आहे.

मायक्रोवेव्ह असेल तर काचेचा किंवा चिनी मातीचा कप. स्टीलचा पेला किंवा वाटी त्यात कधीही नाही. तीस सेकंद, ढवळा, पुन्हा वीस-तीस सेकंद. सलग दोन मिनिटं लावली तर वर उकळतं आणि मध्ये गार राहतं, आणि गुळगुळीत कपात कोरी कॉफी उकळबिंदूच्या वर जाऊनही शांत दिसते. चमचा घातला की एकदम उसळून हातावर येते. म्हणून मधे थांबायचं आणि कप बाहेर काढायच्या आधी जरा वेळ जाऊ द्यायचा.

जिला ओट्यावर काही राहायलाच नको असं वाटतं तिच्यासाठी थर्मास आहे. रात्री मरीन ड्राइव्हवर सायकलीवरून चहा-कॉफी विकणारे सगळा धंदा थर्मासवर चालवतात. पण थर्मास गरम ठेवतो, गरम करत नाही. आधी त्यात उकळतं पाणी पाच मिनिटं भरून ठेवायचं, ते ओतून मग उकळती कॉफी काठोकाठ भरायची. अर्धा भरलेला थर्मास लवकर निवतो. कोरी कॉफी दुपारपर्यंत खुशाल ठेवा. दुधाची असेल तर दोन-तीन तास, तेही ओतल्यावर फुंकर मारल्याशिवाय ओठाला लावता येत नसेल तरच. कोमट झालेला थर्मास उघड्या पातेल्यापेक्षा वाईट, कारण आतलं दूध जंतूंना हव्या त्या तापमानाला तो तासन्‌तास धरून ठेवतो.

सुनेच्या बाटलीचा न्याय राहिला. तिच्यात दूध नाही, ती फ्रिजमध्ये आहे, बंद आहे. तुमच्या पातेल्यापेक्षा ती कितीतरी सुरक्षित, हे मान्य करावं लागेल. पण पाच दिवस जास्तच झाले. फिल्टरचं डिकॉक्शन दोन, फार तर तीन दिवस चवीला बरं असतं. त्यानंतर ते सपाट होतं, आणि झाकण जरा सैल असलं की फ्रिजमधला वास ओढून घेतं. शेजारी सुकट किंवा लसणाची चटणी असेल तर विचारूच नका. माझी सूचना, तिला तुम्हीच म्हणा की थोडं जास्त डिकॉक्शन टाक, एक-दोन कप मी पण त्यातली घेईन. म्हणजे बाटली दोन दिवसांत संपेल, तिचीही वाया जाणार नाही. तुम्हाला इन्स्टंटचीच सवय आहे, तेव्हा सुरुवातीला कडू लागेल. माटुंग्याच्या कॉफीच्या दुकानांत बिया तुमच्यासमोर दळून हव्या त्या प्रमाणात चिकोरी मिसळून देतात. चिकोरी ही एका झाडाची भाजलेली मुळी, तिच्यात कॅफिन नसतं, रंग आणि दाटपणा मात्र येतो. आपल्याकडे कॉफी-चिकोरी मिश्रणात निदान ५१ टक्के कॉफी असावी असा नियम आहे, आणि प्रमाण पाकिटावर छापावं लागतं. झोपेची तक्रार असलेल्यांनी चिकोरी जास्त असलेलं मिश्रण घेऊन पाहायला हरकत नाही. आणि तरीही डिकॉक्शन उरलं तर बर्फाच्या ट्रेमध्ये ओता. मे महिन्यात गार दुधाच्या ग्लासात बर्फाऐवजी ते चार खडे टाकले की नातू आजीच्या मागे मागे फिरेल. साध्या बर्फाने कोल्ड कॉफी पाणचट होते, याने उलट दाट होत जाते.

मुलाबद्दल. त्याचं म्हणणं अर्धं खरं होतं, वागणं पूर्ण चुकलं. आईने केलेली गोष्ट तिच्यादेखत सिंकमध्ये ओतायची नसते, मग पातेल्यात काहीही असो. बहुधा त्याला काळजी वाटली, आणि आपल्याकडे मुलग्यांना काळजी रागावल्याशिवाय दाखवता येत नाही. पण तुम्ही दिलेलं उत्तरही मला पटलं नाही. कॉफी करणंच सोडणं म्हणजे न बोलता केलेला बहिष्कार. घरात कुणी अवाक्षर काढलं नाही याचं कारण त्यांना पर्वा नाही असं तुम्ही धरून चाललात. मला वाटतं ते घाबरलेत. शाळेत पस्तीस वर्षं वर्ग सांभाळलेली बाई गप्प बसली की घरचे चिडीचूप होतात, हे तुम्हाला मी काय सांगणार.

तेव्हा हा लेख त्याच्यासमोर धरून "बघ, विष नाही म्हणतायत" असं करू नका. तो लगेच साडेदहा तासांवर बोट ठेवेल, आणि ते बरोबरच असेल. रविवारी तो घरात असताना सरळ सांगा. "दुधाची कॉफी ओट्यावर ठेवायची नाही हे मला पटलंय. पण पुन्हा काही ओतायचं असेल तर मला सांगून ओत." एवढंच. त्यानंतर लगेच दुसरा विषय काढा, लांबवू नका. आणि रात्री झोपताना विचारायला सुरुवात करा, "उद्या कोण कोण घेणार? अर्धा की पूर्ण?" पहिले चार दिवस उत्तर मिळणार नाही, "कर गं काहीही" म्हणतील. "काहीही" म्हणणाऱ्याचा कप धरायचा नाही. पाचव्या दिवशी नातू स्वतः येऊन सांगेल.

बाहेरगावी, नोकरीच्या घरी, होस्टेलवर राहणारेही हेच प्रश्न विचारतात, म्हणून एक जोडते. फ्रिज नसेल तर दुधाची कॉफी उरवायचीच नाही, दुसरा मार्ग नाही. ऑफिसात सकाळी घेतलेला कप मीटिंगमध्ये विसरून दुपारी मायक्रोवेव्हमध्ये ढकलणाऱ्यांनाही तेच लागू. कोरी असेल तर नाक मुरडत प्या, दुधाची असेल तर सोडून द्या.

थर्मासचा वास. आतमध्ये कॉफीच्या तेलाचा थर बसलेला असतो, साबणाने तो निघत नाही. दोन चमचे खाण्याचा सोडा टाका, उकळतं पाणी भरा, झाकण न लावता रात्रभर ठेवा, सकाळी बाटलीच्या ब्रशने घासून दोन-तीन पाण्यांनी धुवा. झाकणातली रबराची रिंग सुरीच्या बोथट टोकाने काढून वेगळी धुवा, बहुतेक वेळा वास तिथूनच येतो. पूर्ण वाळेपर्यंत झाकण लावू नका. रिंग काळी पडून चिकट झाली असेल तर ती बदलायची. भांड्यांच्या दुकानात मापाची मिळते, जुनी रिंग बरोबर घेऊन जा.